फुटलेलं उत्तर

शब्दकोडी सोडवणारं गाव कधी मागे राहत नाही, असं नवघरच्या वाचनालयाचे चिटणीस कमळाकरपंत छातीठोकपणे सांगत. १९६८ साली त्यांनी बाहेरच्या फळ्यावर कोडं लिहिलं: 'रस'मध्ये एक अक्षर मिळवा आणि अक्षरं फिरवून नवा शब्द करा.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्यांनी 'कसर' हेच उत्तर दिलं. पंत शिपाई दाजीवर कडाडले, "हरामखोरा, तूच उत्तर फोडलंस! उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"मला वाचताच येत न्हाय, मी काय फोडनार?" दाजीने चाव्या टेबलावर आपटल्या. "सगळे फळ्यापुढं मुंडी उलटी करून काय बघतात, ते जाऊन बघा आधी!"



साप्ताहिकांच्या शिरस्त्याप्रमाणे पंतांनीच फळ्याच्या तळाशी उत्तर उलटं लिहिलं होतं.