पालथं घड्याळ

शेवटच्या सामन्याचा भोंगा वाजला की मेलबर्नच्या उपनगरातला शंभर वर्षांचा फुटबॉल क्लब बंद होणार होता. वेळ संपली, तरी क्लबसाठी सामन्याची वेळ मोजणाऱ्या मर्लचं बोट काही केल्या भोंग्याच्या बटणावर टेकेना. शेजारी प्रतिस्पर्धी क्लबचा वेळ मोजणारा डेस आपलं घड्याळ धरून बसला होता. मैदानाकाठच्या याच खोलीत तीस वर्षं दोघं एकेका सेकंदासाठी भांडलेली. आज त्यानं घड्याळ पालथं ठेवलं. “खेळू दे पोरांना, मर्ल. चौऱ्याहत्तर सालच्या फायनलला तुमचे दोन सेकंद मी खाल्ले होते. भोंगा आधीच दाबला.” मर्लच्या नवऱ्याचा, कीथचा, गोल त्याच भोंग्यापाठोपाठ झाला म्हणून धरला नव्हता. चषक कीथनं घालवला, असं सगळे म्हणत. “मीच उशीर केला गं,” तो मरेपर्यंत म्हणत राहिला. मर्लनं चिखलात माखलेल्या पोरांकडे पाहिलं. “ते दोन सेकंद कीथला द्यायचे होतेस रे,” म्हणत तिनं बटण दाबलं.