कोठीतला फोटो

“बोटं खाली,” वेनिंग म्हणाली. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या पोरांनी वर केलेली दोन-दोन बोटं नाइलाजाने मांडीवर आली.

या गावात कॅमेरा दिसला रे दिसला की शेंबड्या पोरापासून बोळक्या म्हातारीपर्यंत सगळे बोटं दाखवून दात काढणार. ती खोड मोडता मोडता वेनिंगच्या नाकी नऊ आले होते. कोपर बरगडीला टेकवा, श्वास रोखा, माणसाला हसवू नका, असं ती एकेकाला सांगत फिरत होती. कॅमेरे तिच्याच स्टुडिओतले, जुने. एरवी विषम सालात जन्मलेल्यांना लाल पडद्यापुढे आणि सम सालातल्यांना निळ्या पडद्यापुढे बसवून ओळखपत्राचे फोटो काढायचे, एवढाच तिचा धंदा. तिला पोरांना फोटो काढायला शिकवायचा फुकट वर्ग घ्यायची हुक्की का आली, हे गावाला कोडंच होतं.

वर्गात लारास होती, म्हणून आली. लारास म्हणजे पाक वागिमानची नात, आणि वागिमान म्हणजे गावचा लुराह. सगळा कारभार त्याच्या मुठीत.

याच वागिमानने भर चावडीत वेनिंगच्या नवऱ्याला, पार्दीला, चोर ठरवलं होतं. गावच्या गामेलान वाद्यमेळात परातीएवढा काशाचा गोंग होता. त्याला सगळे आदराने क्याई लिंडू म्हणत, आणि फुलं वाहिल्याशिवाय त्याला जमिनीवर टेकवायची कुणाची छाती नव्हती. एका सकाळी तो जागेवर नव्हता. वाजवणारा पार्दी. कुणी पाहिलं नव्हतं, साक्ष नव्हती, झडतीत काही सापडलं नव्हतं. तरी वागिमान म्हणाला, “यानेच नेला,” आणि गाव मान डोलावून मोकळं झालं.

पार्दीला परत कुणी वाजवायला बसू दिलं नाही. तो झुरून झुरून गेला. मयतीला खांदा द्यायला वेनिंगला शेजारच्या गावातून माणसं आणावी लागली. तेव्हापासून तिच्या छातीत निखारा होता. वागिमानची मान त्याच चावडीत, त्याच लोकांपुढे खाली गेलेली बघायची, बाकी तिला काही नको होतं.

गावच्या वार्षिक सणाला चावडीत पडदा लावून पोरांचे फोटो दाखवावेत, ही कल्पना तिचीच. वागिमान हुरळून गेला. नातीचं कौतुक होणार म्हणून त्याने शहरातून प्रोजेक्टर मागवला. मेल्याने आपल्या हाताने आपला खड्डा खणला, असं वेनिंगच्या मनात आलं.

तिचे नियम कडक होते. फोटो ज्याचे त्याने निवडायचे. घरच्यांनासुद्धा आधी दाखवायचे नाहीत. कॅमेऱ्यातली कार्डं थेट शाळेच्या गुरुजींकडे द्यायची. “मीही बघणार नाही,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. बाईने मधल्या मध्ये काही कालवाकालव केली, असं उद्या कुणी म्हणायला नको.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिने शेवटचा विषय दिला: घरातली सगळ्यात जुनी वस्तू. मग लारासला बाजूला घेतलं.

“तुमच्या घरामागच्या कोठीत बघ. जुनं सामान तिथेच असतं.”

“तिथे काढलाय मी, बाई,” लारास डोळे मिचकावत म्हणाली. “पण नियम म्हणजे नियम. दाखवणार नाही.”

पोरीची नजर चांगलीच तिखट होती. तिने लारासच्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवशी कितीतरी काळाने ती पोटभर जेवली.

रविवारी संध्याकाळी चावडी गच्च भरली. वागिमान नवा बाटिकचा सदरा घालून पहिल्या रांगेत ऐटीत बसला होता. पोरांचे फोटो येत गेले, लोक हसत, टाळ्या वाजवत राहिले. मग लारासची पाळी आली. तिचा पहिला फोटो आजीच्या पानाच्या डब्याचा. दुसरा आला आणि टाळ्या मध्येच थांबल्या.

लुराहच्या घरची कोठी. भाताची पोती. पोत्यांमागे क्याई लिंडू, पुढ्यात ताजी फुलं.

“फुलं वाहतोय बघा,” ढोल वाजवणारा म्हातारा मार्तो उठून म्हणाला. “एवढी वर्षं दडवून ठेवून पूजा करतोय.”

एकच गलका झाला. वागिमान उभा राहिला. मला यातलं काही ठाऊक नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, पण ऐकतंय कोण. मार्तो लटपटत वेनिंगपुढे आला आणि त्याने हात जोडले. “आम्ही तुझ्या नवऱ्याला खांदासुद्धा दिला नाही, पोरी. आम्हाला माफ कर.”

वेनिंग उठली. पुढचं वाक्य तिने वर्षानुवर्षं घोकलं होतं.

“वागिमान,” ती म्हणाली. मानाचं ‘पाक’सुद्धा लावलं नाही. “पार्दीला जिथे उभं केलं होतंस, तिथे जाऊन उभा राहा. आणि चोर कोण ते तुझ्या तोंडाने सांग.”

वागिमान खरंच तिथे जाऊन उभा राहिला, मान खाली घालून. वेनिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. आज पार्दी हवा होता, असं तिला फार वाटलं.

“माझा अजून एक राहिलाय,” लारास रडवेली होऊन म्हणाली. आजोबांवर सगळे का ओरडताहेत, हे तिला कळत नव्हतं. पोरीचा हिरमोड नको म्हणून गुरुजींनी बटण दाबलं.

पडद्यावर तीच कोठी. पोत्यांमागे गुडघे टेकून बसलेली वेनिंग, एका हातात फुलं, आणि मांडीवर पार्दीच्या जुन्या सारोंगमधून, त्याच्या नेसायच्या लुंगीतून, अर्धा बाहेर काढलेला क्याई लिंडू.

“शुक्रवारी आजोबा नमाजाला गेले होते आणि आजी बाजारात,” लारास डोळे पुसत सांगू लागली, “तेव्हा बाई क्याईंना आमच्याकडे घेऊन आल्या. मी खिडकीतून काढला. बाईंना कळलंसुद्धा नाही.”