शाळेत न जाण्याचं कारण

कडी वाजली तशी मार्था हातातलं पुस्तक पालथं टाकून उठली. गेले चार दिवस ती याच आवाजाची वाट बघत होती.

दारात हंबीरराव गुरुजी उभे होते, जिल्हा परिषदेच्या शाळेचे. काखेत रजिस्टर, टोपीखाली घाम. जूनमध्ये शाळा भरायच्या आधी गुरुजी लोकांना दारोदार हिंडून पोरं मोजावी लागत.

"बाई, तुमच्यात दोन पोरं शाळंच्या वयाची हायत आन् घरातच असत्यात, असं कळलं."

"कुणी सांगितलं?" मार्थानं विचारलं. रीत म्हणून विचारलं. सांगितलं होतं शेजारच्या धोंडुबाईनं, आणि तिला सांगायला लावलं होतं मार्थानंच.

मार्थाचा नवरा दीनबंधू चर्चचा उपदेशक. महिन्यातले पंधरा दिवस तो जतकडच्या वाड्यावस्त्यांवर असे. पोरांना शाळेत घालायचं नाही, घरीच जुन्या वळणानं शिकवायचं, हा त्याचा निश्चय. एका अमेरिकन मिशनऱ्यानं त्याला पुस्तकांची पेटी पाठवली होती: शास्त्रवचनं, राजांच्या सनावळ्या, वर लॅटिन. "कोवळ्या वयात पाठ करून घ्यायचं, अर्थ मागाहून उगवतो," असं तो म्हणे. पाठ करून घ्यायचं काम अर्थात बायकोचं. बारावी झालेली मार्था पहाटे उठून लॅटिनचं एक पान स्वतः घोकी आणि आठ वाजता तेच पोरांना शिकवी. चार वर्षं ती पोरांच्या एक पान पुढं पळत होती. आता तिला पळवत नव्हतं. पण ते नवऱ्याला सांगायची छाती नव्हती. सरकारी माणसानंच पोरं ओढून नेली तर गोष्ट वेगळी. पाहुण्याच्या काठीनं साप मारायचा, एवढाच तिचा बेत होता.

गुरुजी खुर्चीत बसले. रजिस्टर उघडून त्यांनी चष्मा पुसला.

"शाळेत न जाण्याचं कारण. काय लिऊ? मेंढरामागं, ऊसतोडीला, धाकटं भावंड सांभाळाय. एवढंच छापलंय हितं."

"काहीच शिकत नाहीत, असं लिहा," मार्था हळूच म्हणाली. खोटं बोलल्याचं तिला वाईटसुद्धा वाटलं नाही, इतकी ती दमली होती.

"मग सोमवारी घिऊन या दोघास्नी. मी हाय." गुरुजींनी विचारून थोरल्या कृपाचं नाव लिहिलं, धाकट्या अनुग्रहचं लिहिलं. मार्थाला वाटलं, आता दुपारी पाठ टेकून निवांत झोपावं.

पण या घराला एक खोड होती. पाहुणा आला की त्याला पाणी द्यायचं आणि मग पोरांनी भिंतीशी ओळीनं उभं राहून म्हणून दाखवायचं. दीनबंधूनं ती सवय अशी मुरवली होती की कुणी सांगावं लागत नसे. नऊ वर्षांच्या कृपानं पाण्याचा तांब्या ठेवला, सात वर्षांच्या भावाला दंडाला धरून भिंतीशी उभं केलं आणि हात मागं बांधले.

"आज नको गं," मार्था घाईनं म्हणाली. "गुरुजींना अजून चार घरं करायचीत."

"म्हणू द्या की," गुरुजी म्हणाले. जातीचा मास्तर, पोरानं तोंड उघडलं की त्याचा हात थांबायचाच.

पोरांनी वचनं म्हटली. राजांच्या सनावळ्या म्हटल्या, एका श्वासात. मग डोलत डोलत लॅटिनची क्रियापदं सुरू झाली.

"कानडी हाय व्हय ही?"

"लॅटिन," अनुग्रह म्हणाला. "रोमन लोकांची."

गुरुजी पुढं सरकले. "सतरा नव्वं?"

"एकशे त्रेपन्न," कृपा म्हणाली.

"एकोणतीस साती?"

"दोनशे तीन."

मार्थाला कौतुक वाटलं आणि धास्तीही. एक पाढा चूक गं, असं ती मनातल्या मनात लेकीला विनवत होती. चार वर्षांत पहिल्यांदाच.

गुरुजींनी पेन उचललं आणि दोन्ही नावांवर आडवी रेघ मारली.

"गुरुजी, अहो, नियम..."

"नियम ऱ्हाऊ द्या. आमच्यात चार वर्ग आन् मास्तर दोन. चौथीतल्या पोरान्ला बाराचा पाढा येत न्हाई. असली पोरं तितं बसवून वाटुळं करू व्हय मी? कारणाचं बघतो कायतरी."

"मला आता होत नाही हो गुरुजी," मार्था म्हणाली. नवऱ्याला, देवाला, कुणालाच न बोललेलं वाक्य भर दुपारी परक्या माणसापुढं तोंडातून निघून गेलं. "खरंच होत नाही."

गुरुजी मनापासून हसले. "भरल्या घागरीचा आवाज न्हाई येत बाई, त्यातली गत. ज्याला येतं त्यो असंच म्हणतो."

चपला घालता घालता ते थांबले. रुबाब उतरवून, जरा अजिजीनं म्हणाले, "माझी नात हाय, अंकिता. सात सरून आठवं लागलं. आमच्याच शाळंत हाय, पर अजून बाराखडी लागंना. लोकान्ला सांगायची लाज वाटती. उद्यापासनं धाडू का तिला तुमच्याकडं?"

मार्थानं चौकट धरली. नको म्हणायला तिनं तोंड उघडलं.

आत भिंतीशी कृपानं अनुग्रहला कोपरानं सरकवलं आणि दोघांच्या मध्ये एक पोर उभं राहील एवढी जागा केली.