तत्रैव यांची पुस्तकं

"तत्रैव यांची पुस्तकं कुठल्या कपाटात असतील?" खांबेटे सरांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या बाईंना हळूच विचारलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पीएचडीला नाव नोंदवलं होतं. संदर्भासाठी घेतलेल्या प्रबंधात जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी हे नाव होतं. एवढा मोठा अभ्यासक आपल्याला ठाऊकच नाही, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

मागे उभी असलेली मुलगी फिसकन हसली. "अहो आजोबा, तत्रैव म्हणजे माणूस नाही! तत्रैव म्हणजे तिथेच. वरच्या टिपेत जे पुस्तक दिलंय ना, तेच पुन्हा." बाईंनाही हसू आवरेना.

सरांचे कान तापले. जन्मभर गणित शिकवलं, हे आपलं काम नव्हे. प्रवेश रद्द करून टाकायचा असं ठरवून ते टेबलापाशी येऊन पिशवी आवरू लागले.

तेवढ्यात तीच मुलगी शेजारी येऊन बसली. इकडेतिकडे बघत तिने आपला कागद पुढे सरकवला. "रागावला नाहीत ना? तुम्ही तळटिपा इतक्या बारकाईने वाचता, म्हणून विचारते. हे 'उ. नि.' कोण हो? मी तर कुणी उषा निमकर समजून शोधतेय. आता हाही माणूस नसेल, अशी धाकधूक वाटायला लागलीय."

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मलाही नाही माहीत," ते म्हणाले. मग पिशवी खुर्चीवर ठेवून उठले. "चल, बाईंना विचारू. मीच विचारतो. हसल्या तर मला हसतील."