उशाशी उमटलेला पंजा

बाळंतपणाला माहेरी गेलेली वैजयंती पाच महिन्यांनी परतली आणि पलंगापाशीच थबकली. पलंगाच्या फळीवरचा लेप तळहाताच्या घामानेच पक्का होत जायचा. जिथे रोज हात टेके तिथे तो चकाके, बाकी निस्तेज राही. तिच्या उशाशी तिचा जुना ठसा होता. आता त्यावर दुसराच मोठा पंजा चकाकत होता.

"माझ्या जागेवर कोण झोपत होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

हेरंब पलंगाजवळ आला.

"एवढी थोराड बाई आवडली तुला?"

त्याने आपला तळहात ठशावर ठेवला. तो तंतोतंत बसला.

"तुझ्या हातावर हात ठेवल्याशिवाय झोपच येत नव्हती," तो म्हणाला.