अकराची फोडणी

‘आता बोल काहीतरी,’ श्रीपादराव बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

कुसुमताई ओट्याशी उभ्या होत्या. डोक्यावर चिमणी घरघरत होती. स्टुलावर चढलेला बालाजी मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर हातात धरून थांबला होता. बोलायचं काय, तेच त्यांना सुचेना.

‘भात लावू का?’

‘अर्धंच ऐकू आलं. बालाजी, अजून कमी करा आवाज.’

‘करून राहिलो, सर.’

बुधवारपासून श्रीपादरावांनी हा एकच धोशा लावला होता. दोन वर्षं जिच्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, ती चिमणी एकाएकी त्यांच्या कानात घुसली होती. आज, शुक्रवारी, त्यांनी स्वतः फोन करून मेकॅनिक बोलावला. खुर्ची फिरवून स्वयंपाकघराकडे तोंड करून मांडली. पेपर घडी न मोडता तसाच मांडीवर.

ती घरघर हाच कुसुमताईंचा आडोसा होता.

चार वर्षांपूर्वी मालविकानं नायगावच्या अश्वजितशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तो बौद्ध, हे ब्राह्मण. जन्मभर शाळेत समतेचे धडे शिकवलेले श्रीपादराव लेकीला एवढंच म्हणाले, ‘आता इकडं येऊ नको.’ त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. लेक नांदेडला नांदत राहिली आणि माय लातूरला फोडणीआडून बोलत राहिली. रोज अकरा वाजता मोहरी तडतडायची, चिमणी दोनवर सुरू व्हायची आणि मालूचा फोन यायचा. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर, मिसळणाच्या डब्याला टेकवलेला. एकीकडं भाजीत मीठ पडायचं, एकीकडं लेकीचं सुखदुःख कानावर पडायचं. मालू म्हणायची, ‘आई, आधी तुझी चिमणी ऐकू येते, मग तू. चिमणी ऐकली की मी मांडी घालून बसते.’

मंगळवारी मात्र मालू रडली. पाचवा महिना चालू, सोनोग्राफी करून आलेली. ‘आई, बाळाचं हृदय नीट दिसत नाही म्हणाले,’ एवढं ती मोठ्यानं बोलली आणि तिला हुंदका आला. कुसुमताईंनी घाईघाईनं चिमणी दोनवरून तीनवर नेली. पुढचं सगळं मालूनं त्या घरघरीतच सांगितलं. बाळ कुशीवर वळलेलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी तासाभरानं पुन्हा बघितलं, तर हृदय ठणठणीत. हुंदका सुटकेचा होता. माय फोडणी विसरून हसली होती, कांदा करपला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी श्रीपादरावांचं सुरू झालं. चिमणीचा आवाज बंद करा.

ऐकलं असणार. लेक बोलते हे कळलं, आणि आता हा माणूस तेवढाही आडोसा काढून घेतोय. पाचवा महिना आहे पोरीचा. उद्यापासून कुणाला फोन करेल ती?

‘काकू,’ बालाजी वरून म्हणाला, ‘जाळी तेलानं बुजली होती, धुतली. पाइपाचं एक वळण काढलं. पण खरा घोटाळा हितं हाय. मोटारीचे दोन स्क्रू न्हाईतच की.’

‘पडले असतील.’

‘पडायला ते काय पिकले आंबे हायत?’

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर श्रीपादराव दिवसभर घरी बसू लागले, त्या आठवड्यात कुसुमताईंनीच ते सुरीच्या टोकानं काढले होते. त्या स्टुलाजवळ सरकल्या.

‘थोडा आवाज राहू द्या ना,’ त्या पुटपुटल्या. ‘सवय झालीय.’

बालाजी खाली बघून हसला. ‘धा वर्षं हेच काम करून राहिलो, काकू. आवाज ठिवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’

‘काय म्हणतेय ती?’ बाहेरून आवाज आला.

बालाजीनं कुसुमताईंच्या तोंडाकडं एकदा बघितलं. ‘काही न्हाई, सर. चहाचं इचारून राहिल्या.’

पण काम त्यानं चोख केलं. नवे स्क्रू बसवले, खाली रबराच्या चकत्या घातल्या, बटण दाबलं. चिमणी फिरू लागली, कुणीतरी दूर बसून पीठ चाळावं तशी.

‘बोल आता,’ श्रीपादराव म्हणाले.

कुसुमताईंनी मुद्दाम आवाज खाली घेतला. ‘काय बोलू?’

‘आलं. स्वच्छ आलं.’

बालाजी अवजारं आवरून गेला तेव्हा अकराला पाच कमी होते. मालूला फोन करू नको म्हणून कळवावं, तर चष्मा सापडेना. सापडला तेव्हा फोन थरथरायला लागला होता. कुसुमताईंनी चिमणी तीनवर नेली. तिच्या पीठ चाळण्यानं थोडा वेग घेतला, इतकंच. त्यांनी नळ सोडला. पातेल्यावर झाकण आदळलं. फोन वाजून वाजून थांबला आणि परत वाजू लागला.

बाहेर खुर्ची सरकली. काठी टेकत टेकत श्रीपादराव आले आणि दारातच उभे राहिले. त्यांनी हात लांबवून आधी नळ बंद केला.

‘अहो, मी...’

‘उचल.’ ते बायकोकडं नाही, फोनकडं बघत होते. ‘बाळाचं हृदय नीट दिसत नाही, इथवरच ऐकू आलं मला मंगळवारी. पुढं काय म्हणाली ती?’