ऐंशी हजारांत एक

निळा कोट दिसला आणि आर्विडने झटकन मान खाली घातली.

स्टेडियमबाहेरच्या मैदानात जिकडे पाहावं तिकडे लाल रंग होता. लाल टोप्या, लाल सदरे, निखाऱ्यांवर चरचरणारे सॉसेज आणि कान किटवणाऱ्या आरोळ्या. शनिवारी विद्यापीठाचा सामना असला की अर्धं राज्य राजधानीत लोटायचं, आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विधिमंडळाच्या घुमटाकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. म्हणून तर आर्विडने लपायला ही जागा निवडली होती. आणि त्या गर्दीतून वाट काढत निळ्या कोटातली विधिमंडळाची मार्शल व्हर्ना नेमकी त्याच्याच शेगडीकडे येत होती.

अधिवेशन आज पाचला संपणार होतं. त्याआधी सरकारला आर्विडच्या गावातलं छोटं कॉलेज बंद करायचं विधेयक मंजूर करून घ्यायचं होतं. बहुमत सरकारकडे होतं, पण एकट्याने गणपूर्ती करण्याइतके आमदार नव्हते. विरोधकांच्या हातात एकच गोष्ट होती, गणपूर्ती होऊ द्यायची नाही. हजेरी भरली नाही तर मतदान नाही, आणि पाच वाजले की विधेयक बारगळलं. म्हणून विरोधी आमदार पहाटेच राज्याची हद्द ओलांडून पसार झाले होते. हद्दीच्या आत सापडलेल्या आमदाराला धरून सभागृहात नेण्याचा मार्शलला अधिकार होता.

त्यांच्यातलाच एक आर्विड मात्र शहरातच राहिला. परक्या राज्यात लॉजवर माश्या मारत बसण्यापेक्षा सामना तरी बघू म्हणाला. फोन घरी ठेवला, दाढी उतरवली, अर्धं तोंड लाल रंगवलं, अर्धं पांढरं. ऐंशी हजारांतून एक माणूस कोण शोधून काढणार?

"अहो भाऊ," व्हर्ना धापा टाकत त्यालाच म्हणाली, "आमदार आर्विड टोर्सगार्ड दिसले का हो कुठे? उंच आहेत, दाढीवाले. त्यांची बायको म्हणाली, इथेच सापडतील."

आर्विडने मनातल्या मनात बायकोला कोपरापासून हात जोडले. ओरडून ओरडून सकाळीच घसा बसला होता, ते एक बरं झालं.

"आमदार?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ताई, आमदार शोधायचा तर फुकटचं जेवण असेल तिथे जा. इथे सॉसेजला पैसे पडतात."

शेगडीभोवतीची मंडळी खो खो हसली. व्हर्नाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"गुन्हा काय केलाय एवढा त्याने?" आर्विडने विचारलं.

"ते त्यांनाच सांगायचंय. सभागृहातलं बोलणं मी मैदानात काढत नाही. पाचच्या आत त्यांना आत नेऊन बसवायचं, एवढंच मला ठाऊक."

आर्विडच्या अंगात वारं शिरलं. पळून जाण्यापेक्षा हिला बरोबर घेऊन फिरवण्यात जास्त मजा होती.

"दाढीवाला उंच? अहो, आत्ता बँडच्या मागे गेला की! चला, दाखवतो."

बँडच्या मागे दाढीवाला होता, पण तो तुतारी वाजवत होता. मग आर्विडने तिला पूर्वेच्या दरवाज्याने आत नेलं. तिचा कोट बघून कोणी अडवलं नाही. विद्यार्थ्यांच्या सज्जात सगळे एकाच तालावर उड्या मारत होते आणि पायाखालचं काँक्रीट थरथरत होतं.

"ओ आजी, कोट काढा, लाल घाला!" एक पोरगी किंचाळली आणि तिने आपली टोपी व्हर्नाच्या डोक्यावर ठेवली.

"तो बघा, तो बघा!" आर्विड वरच्या रांगेकडे बोट दाखवायचा. व्हर्ना चढायची. "अरेरे, निसटला!" ती उतरायची. सामना बरोबरीत होता, आर्विडचं काळीज धडधडत होतं, आणि ते नक्की कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चार वाजून गेल्यावर ती पायरीवर मटकन बसली.

"जाऊ द्या हो ताई," तो म्हणाला. "सापडला नाही म्हणून सांगा आणि घरी जा. कोण तुम्हाला फाशी देतंय?"

"तसं नाही जमत, भाऊ." तिने गुडघे चोळले. "माझी बहीण त्यांच्याच गावच्या कॉलेजात स्वयंपाकीण आहे. ते बंद पडलं, तर या वयात तिने कुठे जायचं?"

सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय येईल असं काम ही बाई निव्वळ इमानापोटी करत होती. आपलं नाव आर्विडच्या ओठांवर आलं, पण त्याने ते गिळलं. ओळख दिली तर तिला त्याला न्यावंच लागलं असतं. तिचंही भलं तो न सापडण्यातच होतं.

"उठा," तो म्हणाला. "पश्चिमेचा सज्जा राहिलाय."

पश्चिमेच्या सज्जात ते पोचले तेव्हा खेळाची शेवटची मिनिटं चालली होती. चेंडू उंच गेला, कोणीतरी तो झेलला, आणि सगळं स्टेडियम एकदम उठून उभं राहिलं. सामना जिंकला होता! अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. आर्विडने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते.

व्हर्ना कानातल्या यंत्रावर हात दाबून काहीतरी ऐकत उभी होती. आर्विडने बाहीने खसाखसा तोंडावरचा रंग पुसला.

"व्हर्नाताई! ओळखलंत का? अहो, मीच तो!" हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाचलं आपलं कॉलेज! बहिणीला म्हणावं, चूल पेटती ठेव!"

व्हर्नाने कानातलं यंत्र काढलं. त्याच्या रंग पुसलेल्या तोंडाकडे ती बघतच राहिली.

"सरकारचे तिघे दुपारी फुटले, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या नेत्यांनी सगळ्यांना मतदानाला परत बोलावलं. एकूण एक आले. तुमचा पत्ता लागेना, म्हणून त्यांनीच मला धाडलं होतं."

बँडने विजयाची धून धरली, तेव्हा पुढचं तिला त्याच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं.

"एका मताने कॉलेज गेलं!"